घरी राहिलेल्यांचं मुख्यालय

हिवाळ्यातल्या शनिवारी जयंतीताईंना कुठे बोलवायचं नाही, हे आमच्या नागोयातल्या मराठी मंडळींत आता सगळ्यांना ठाऊक आहे. हळदीकुंकू असो, कुणाचं डोहाळजेवण असो, डिसेंबर ते एप्रिल त्या शनिवार-रविवार घर सोडत नाहीत. का सोडत नाहीत, हे नव्याने आलेल्या बायकांना समजावताना माझी दरवेळी तारांबळ होते.

जपानात डोंगरावर जाणारी माणसं निघण्याआधी एक कागद भरतात. कोण जाणार, कुठल्या वाटेने, अंगात कुठल्या रंगाचं जाकीट, सोबत खायला किती, खाली कधी उतरणार. सगळ्यात शेवटी आणखी एक वेळ लिहिलेली असते. तोपर्यंत आमचा निरोप आला नाही, तर पोलिसांना कळवा. हा कागद ज्याच्या घरी ठेवून जातात त्या माणसाला रुसुहोंबु म्हणतात. घरी राहिलेल्यांचं मुख्यालय. नाव मोठं भारदस्त आहे. जयंतीताईंचं मुख्यालय म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल, त्यावर मोबाइल, चार्जर, चष्मा आणि सोलायला घेतलेला लसूण.

हे काम त्यांच्याकडे आलं ते दिगंबररावांमुळे. दिगंबरराव गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. वीस वर्षांपूर्वी दोघं डोंबिवलीहून आले, कडेवर लेक ज्ञानदा. त्यांच्या कंपनीत डोंगर चढणाऱ्यांचा एक क्लब होता, आणि साहेबच त्याचे अध्यक्ष असल्यामुळे नव्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. हिवाळ्यात ही मंडळी ओनोसावाच्या दरीत जायची. नागोयाहून गाडीने तीन तास. तिथे तारेवरच्या पाळण्यात बसून निम्मा डोंगर चढायचा, मग स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे चढावर स्की मागे घसरत नाही. तसं दोन-तीन तास पाय ओढत वरच्या धारेपर्यंत जायचं, पट्ट्या सोलून काढायच्या आणि कुणी न तुडवलेल्या बर्फातून खाली यायचं. तीन तास वर, पंचवीस मिनिटं खाली. "यात मजा कुणाला आणि कधी येते, ते मला यांनी अजून सांगितलेलं नाही," असं जयंतीताई म्हणतात.

क्लबातल्या इतर बायका शनिवारी कुठे ना कुठे अर्धवेळ कामाला जायच्या. जयंतीताईंना तेव्हा इथे काम करायची परवानगी नव्हती, भाषाही नव्हती. ठाण्याच्या पतपेढीतली नोकरी सोडून आलेली बाई घरात बसलेली होती. साहेबांनी वाकून विचारलं, ओकुसान, म्हणजे वहिनी, तुम्ही घरी असताच, तर कागद तुमच्याकडे ठेवू का? त्या हो म्हणाल्या. त्या हो म्हणण्याला आता अठरा हिवाळे झाले. दिगंबररावांचे गुडघे सहा वर्षांपूर्वी बोलू लागले आणि त्यांनी स्की विकून टाकल्या. जाणारा थांबला. थांबणारी अजून तिथेच आहे.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय फेब्रुवारीतल्या एका शनिवारबद्दल सांगता यायचं नाही.

पहिली त्यांच्या तिसऱ्या हिवाळ्यातली. कागदावर वेळ होती पाचची. पाच वाजले, निरोप नाही. जयंतीताईंनी आपल्याकडच्या हिशेबाने विचार केला. पाच म्हणजे साडेपाच, रस्त्यात असतील, कुठे चहाला थांबले असतील. शिवाय मोडक्या जपानीत पोलिसांना काय सांगायचं याचीही धास्ती. पाच चाळीसला शेवटी दिगंबररावांनीच, ते त्या दिवशी तापाने घरी होते, फोन हातात दिला. हात्तोरी नावाचे गृहस्थ पाय मोडून बर्फात बसले होते. माणूस वाचला, पायाची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, चाळीस मिनिटं आधी पोचले असते तरी कदाचित गेलीच असती. कुणी एक शब्द बोललं नाही. उलट महिन्याभराने हात्तोरी-सान कुबड्या घेऊन, मिठाईचा खोका घेऊन जयंतीताईंच्या दारात आले आणि निरोप द्यायला उशीर झाला म्हणून त्यांनीच माफी मागितली. "शिव्या दिल्या असत्या तर मी दोन दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते," ताई एकदा मला म्हणाल्या. "खोका कुठे ठेवायचा तेच मला कळेना."

दुसरी गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आपली पोरं आता तिथे जाऊ लागली आहेत. पुण्या-मुंबईहून आयटीत आलेली, भाड्याने स्की घेणारी, जयंतीताईंना काकू म्हणणारी. त्यांच्यातल्या चार जणांनी कागद ठेवला, वेळ होती चारची. चार वाजले, ताईंनी चारलाच फोन केला. दरीतल्या बचाव पथकात गावातलीच माणसं असतात. कुणी खानावळ चालवतो, कुणी पाहुण्यांची घरं. ती सगळी हातातलं काम टाकून निघाली. आपली पोरं गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेली सापडली. फोन कपड्यांबरोबर कपाटात. मग पोरांनी पथकातल्या प्रत्येकाच्या दारात मिठाईचा खोका घेऊन जाऊन वाकून वाकून माफी मागितली, आणि त्या वर्षीच्या गणपतीत हा सगळ्यांचा विनोद झाला. आरतीला कुणी उशिरा आलं की, "जयंतीताईंना कळवलंयस ना, नाहीतर हेलिकॉप्टर निघेल." ताई हसायच्या. मी त्यांच्या शेजारीच बसलेली असायची. त्या हसताना हातातली ताटली उगाच फिरवत राहायच्या.

तर तो फेब्रुवारीतला शनिवार. मी ढोकळ्याचं पात्र परत द्यायला तीनच्या सुमाराला वर गेले. ताईंनी दार उघडलं आणि आत जाऊन पुन्हा खुर्चीत बसल्या.

"बस. तीन कागद होते. दोन उतरले. एक राहिलाय."

राहिलेला कागद सईचा होता. सई, सारंग आणि अवधूत. सई मूळची नाशिकची, दोन हिवाळे रीतसर शिकलेली, तिघांत तीच पुढारी. सारंग तिच्या कंपनीतला. अवधूत कोथरूडचा, कुंडात बसलेल्या चौघांपैकी एक. कागदावर ताईंनी पेन्सिलने रेघ मारली होती. खाली उतरणार दीड वाजता. शेवटची वेळ साडेचार.

"दीडला उतरणार होते?" मी विचारलं.

"लिहिलंय तसं." त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला. धारेपासून खाली येणारी वाट, तिला डावीकडे फुटणारी घळ, मग भूर्जांचं रान, मग रस्ता. ताईंना ही दरी पाठ आहे. प्रत्यक्षात त्या तिथे एकदाच गेल्यात, तेही उन्हाळ्यात. सगळं हिरवं होतं आणि त्यांना एकही जागा ओळखू आली नव्हती.

दिगंबरराव आतल्या खोलीत क्रिकेट बघत होते. ते बाहेर आले आणि त्यांनी कागदाकडे उभ्यानेच पाहिलं.

"अगं, शनिवार आहे. ओनोसावात शनिवारी शंभर-दीडशे माणसं असतात. तुळशीबागेसारखी गर्दी. काही झालं तर कुणी ना कुणी बघेलच की."

"शंभर माणसं असली की कुणीच बघत नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही चहा टाका."

चहा झाला. ताई लसूण सोलत होत्या. पाकळ्या मोजून नव्हे, पण एकसारख्या लयीत, जशी बाई बसमध्ये विणते. साडेतीनला त्यांनी तिघांनाही मेसेज पाठवला. एकालाही पोचला नाही. चारच्या जरा नंतर फोन वाजला तेव्हा त्यांच्या हातातून सुरी खाली पडली. फोन पुण्याहून होता. अवधूतच्या आई, सुमनताई.

"जयंतीताई, नमस्कार. अहो, अवधूतचा फोन लागत नाहीये. शनिवारी या वेळेला बोलतो तो माझ्याशी."

"डोंगरावर रेंज नसते हो, सुमनताई."

"हो ना, तो म्हणालाच होता जाणार म्हणून. उतरला असेल ना एव्हाना?"

"निरोप यायचाय अजून."

"यायचाय? मग... काळजीचं काही नाही ना?"

"साडेचारपर्यंत वेळ आहे त्यांना. आला की मी तुम्हाला कळवते."

"बरं. तुम्ही आहात ना तिथे, मग मला घोर नाही. मागच्या वेळी केवढा गोंधळ झाला होता. फार लाजला होता हो तो. म्हणाला, आई, आता ऑफिसात तोंड कसं दाखवू."

"हं," ताई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे दाबून धरले.

"मी आहे तिथे, म्हणे. मी आहे इथे. गॅसपाशी."

साडेचारला दहा मिनिटं होती. दिगंबरराव आता टीव्ही बंद करून टेबलाशी येऊन बसले होते. ते मऊ आवाजात बोलू लागले.

"हे बघ. सई हुशार आहे. येताना रस्त्याला गाड्यांची रांग लागते, कुठेतरी अडकले असतील. पाचपर्यंत थांबलीस तर आभाळ कोसळत नाही. पुन्हा तसंच झालं तर? पोरांचं सोड, तुझं काय? या खेपेला लोक नुसते हसणार नाहीत."

"हात्तोरींच्या वेळी तुम्हीच फोन हातात दिला होता."

"तेव्हा पाच चाळीस झाले होते."



साडेचार झाले. फोनवरचा आकडा बदललेला मी पाहिला. ताईंनीही पाहिला. पोलीस चौकीचा नंबर त्यांना पाठ आहे. कागद सरळ केला. चष्मा लावला. मग टेबलावर सांडलेली लसणाची सालं त्यांनी तळहाताने एकत्र केली, वाटीत भरली, उरलेली बोटाने टिपली. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, थांबावं थोडं. दिगंबरराव खिडकीबाहेर बघत होते. ताईंनी वाटी बाजूला ठेवली आणि फोन उचलला.

पलीकडच्या पोलिसाने त्यांचा आवाज ओळखला असावा, कारण नाव सांगायची वेळ आली नाही. त्या कागदावरून वाचत गेल्या. तीन माणसं. जाकीट लाल, निळं, आणि पिवळं. गळ्यातलं शोधयंत्र तिघांकडेही. वाट अमुक, घळीच्या उजव्या बाजूने. आवाज सपाट होता, रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा. शेवटी फोन कानाला धरूनच त्या वाकल्या, दोनदा.

त्यानंतर आम्ही तिघं बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं. पाच वाजता अंधारून येऊ लागलं. ताईंनी दिवा लावला, भात लावला, पुन्हा बसल्या. सुमनताईंचा दोनदा फोन येऊन गेला. ताईंनी खरं तेच सांगितलं, की पथक निघालंय. पलीकडे सुमनताईंच्या मागे प्रेशर कुकरची शिट्टी होत होती.

सहाला पाच कमी असताना फोन आला. तिघं सापडले. अवधूतचा गुडघा गेला होता, तिघंही गारठले होते, पण बोलत होते. आठ वाजता सई दरीतल्या दवाखान्यातून बोलली.

"काकू..."

"थांब. आधी सांग, खाली कोण कोण आलंय. नावं घे."

"मी, सारंग, अवधूत."

"तिघंही तुझ्यासमोर आहेत?"

"अवधूत आत आहे, पायाला पट्टी बांधतायत. दिसतोय मला."

"बरं. आता रड."

सईने रडत रडत जे सांगितलं ते असं. एक वाजता भूर्जांच्या रानात झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळ बर्फात अवधूत कंबरेएवढा आत गेला आणि त्याचा गुडघा पिळला. त्याला बाहेर काढायलाच अर्धा तास गेला. थोडं वर चढलं की रेंज होती. सई म्हणाली, काकूंना फोन करते. अवधूत म्हणाला, नको. काकू पोलिसांना लावतील. परत ते खोके, परत तो विनोद. आपण हळूहळू उतरू, साडेचारच्या आत रस्त्याला लागू, कुणाला कळायचं पण नाही. आणि गर्दी तर खरंच होती. घसरत येणारी प्रत्येक टोळी थांबायची, विचारायची, ठीक आहात ना? अवधूत बर्फात बसल्या बसल्या अंगठा वर करून म्हणायचा, दाइजोबु, ठीक आहे, ठीक आहे. अशा अकरा टोळ्या गेल्या. सारंगने मोजल्या होत्या. शेवटी मदत मागायची ठरवून बाराव्या टोळीची वाट बघू लागले तेव्हा तीन वाजून गेले होते आणि दरी रिकामी झाली होती. मग सई वर चढून गेली, पण थंडीने तिघांचेही फोन मेले होते.

"मी पुढारी होते, काकू. मी ऐकायला नको होतं त्याचं."

"नको होतंस," ताई म्हणाल्या. "जेवलात का काही?"

दुसऱ्या दिवशीपासून आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. जयंतीताई, तुम्ही होतात म्हणून. जयंतीताई, तुम्ही देवासारख्या. गणपतीत विनोद करणाऱ्यांचे हात सगळ्यात जास्त जोडलेले होते. ताईंनी एकालाही उत्तर दिलं नाही. बुधवारी मी वर गेले तेव्हा सुमनताईंचा फोन चालू होता. त्यांचं पोरगं कुबड्यांवर का होईना उभं राहिलं होतं आणि त्यांना किती बोलू नि किती नको असं झालं होतं.

"तुम्ही वेळेवर फोन केलात म्हणून, ताई."

"चार मिनिटं उशिरा केला."

"काय?"

"साडेचारची वेळ होती. मी चार चौतीसला केला."

मग सुमनताई हसल्या. "अहो, चार मिनिटांचं काय घेऊन बसलात."

ताईंनी फोन ठेवला आणि तो मला दाखवला. शनिवारच्या फोनांची यादी अजून पुसली नव्हती. सोळा चौतीस.

"तू होतीस ना समोर. काय करत होते मी?"

"सालं गोळा करत होतात."

"सालं." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "अठरा वर्षं झाली. हात्तोरींनंतर एकदाही मिनिट चुकवलं नव्हतं. त्या दिवशी आकडा बदलला आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पोरं आलीच नाहीत. गणपतीतला सतरंजीवरचा घोळका आला. तिकडे तो मुलगा लाजेने अंगठा वर करत होता आणि इकडे मी लाजेने टेबल पुसत होते. दोघं एकाच माळेचे मणी."

"पण केलात ना फोन."

"केला. पुढच्या वेळी किती मिनिटं पुसेन, ते कुणी सांगावं? दमले गं मी. थंडीत ही सगळी परत येतात, कपडे वाळत घालतात, झोपतात. मी कधी उतरते?"

मी म्हटलं, सोडून द्या आता. क्लबाला सांगा. आजकाल एक ॲपही आहे म्हणे, वेळ टळली की आपोआप कळवतं.

"आहे ना. सईने दाखवलं मला." त्या थकलेल्या आवाजात हसल्या. "त्यात एक रकाना आहे. वेळ टळली तर कुणाला कळवायचं. सगळ्यांनी माझा नंबर टाकलाय."

शुक्रवारी मात्र त्यांनी पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, तो मी जसाच्या तसा देते. "यापुढे कागदावर जी वेळ असेल त्या मिनिटाला मी फोन करीन. कुंडात असाल तर ओले बाहेर या. पाय मुरगळला, हातमोजा हरवला, भांडण झालं, काहीही झालं तरी मला आधी कळवायचं. मला त्रास होईल हा विचार तुम्ही करायचा नाही. त्रास व्हावा म्हणूनच मी बसते. आणि एक आड एक शनिवारी काका बसतील." त्याखाली सारंगचा अंगठा आला. मग बहुधा त्यालाच कसंतरी वाटलं असावं, त्याने तो काढला आणि लिहिलं, हो काकू.

शेवटच्या ओळीबद्दल दिगंबररावांना आधी विचारलेलं नव्हतं. त्यांनी ती ग्रुपवरच वाचली.

शनिवारी दोन कागद होते. एक क्लबातल्या म्हाताऱ्यांचा, दुसरा तीन नव्या पोरींचा, नागोयाच्या कुठल्याशा कॉलेजातल्या. शेवटची वेळ दोघांचीही साडेतीन. मी सव्वादोनला गेले तर टेबलाशी दिगंबरराव बसले होते. पाठ ताठ, चष्मा नाकावर, समोर दोन्ही कागद एकाला एक लावून. टीव्ही बंद होता. त्यांनी मला खुणेने हळू बोलायला सांगितलं.

"झोपल्यात?"

"पडलीय. शनिवारी दुपारी पडलीय म्हणजे बघा." मग जरा थांबून, "अहो, म्हातारे उतरले मघाशीच. पोरींचं काही नाही अजून. तुम्हाला काय वाटतं?"

"वेळ आहे ना अजून."

"आहे. सव्वा तास आहे." त्यांनी मोबाइल उचलून रेंज पाहिली, पुन्हा ठेवला. चार्जरची वायर नीट केली. "मी स्वतः इतकी वर्षं गेलो तिथे. असं कधी वाटलं नाही हो. हे भलतंच आहे."

आतून ताईंचा आवाज आला. झोपेतला नव्हता.

"अहो, पोलीस चौकीचा नंबर फ्रिजवर लावलाय."

"पाहिलाय गं. तू झोप."

"तीन एकोणतीसला उठवू नका मला. तुम्हीच करा."

"करतो."

दार अर्धवट उघडं होतं. ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पायावर पांघरूण. खरोखर झोपल्या की नाही, मला सांगता येणार नाही. पण फोन आत नेला नव्हता.